पायताणाचा नंबर

त्या आठवड्यात पायताण हॅनोव्हरबाहेरच्या एका जंगलात, जुन्या लष्करी दारूगोळ्याच्या पेटीत पडून होतं. त्याच आठवड्यात ते पोर्तुगालमधल्या एका गृहस्थांनी पाहिलं, फिनलंडमधल्या कुणी पाहिलं, आणि कॅनडातल्या एका जोडप्याने तर ‘दाखवल्याबद्दल आभार’ असंही लिहून टाकलं. दाखवलं कुणी? मी म्युनिकला माझ्या घरी होते. खेळाच्या संकेतस्थळावर त्या पेटीचं जे पान आहे, त्यावर त्या दिवसांत एकही नवी नोंद नव्हती. चपलेला पाय फुटले असं धरून चाललं, तरी ती एकाच वेळी तीन देशांत कशी हिंडणार?

पायताण म्हणजे चप्पल, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. हे अंगठ्याएवढं आहे. किल्लीला अडकवायची छोटी कोल्हापुरी जोडी मिळते ना, तसली. पण चामडं खरं, वेणी खरी, वर लाल गोंडा. आमच्या मामांचं कोल्हापुरात चपलांचंच दुकान आहे, त्यांनी दिलेली. जोडीतला डावा पाय मी प्रवासाला पाठवला. उजवा माझ्या दारामागच्या खिळ्याला लटकतोय. मामांना हे अजिबात पटलेलं नाही. ‘जोडी फोडून कुणी पायताण देतंय होय?’ हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप नंबराबद्दलचा, तो पुढे येईलच.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली गडबड बंद केली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला शंभरेक मीटरची चूक सहज व्हायची. ती एका रात्रीत कमी झाली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीकला, एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक सीलबंद डबा. या आणि शोधा, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. अमेरिकेच्या खालोखाल जर्मनीत या खेळाचं वेड आहे. इथे चर्चच्या भिंतीमागे, पुलाखाली, महामार्गाच्या विसाव्यापाशी, कुठेही डबा असू शकतो. आपल्याकडे डबे विरळच. मुंबई-पुण्याकडे काही आहेत, पण एक सापडला की दुसरा बघायला बरीच तंगडतोड करावी लागते.

या डब्यांमधून ज्या वस्तू प्रवास करतात त्यांना ट्रॅकेबल म्हणतात. २००१ पासून मिळणारा त्यातला सगळ्यात जुना प्रकार म्हणजे ट्रॅव्हल बग: अमेरिकी सैनिक गळ्यात घालतात तसली धातूची पट्टी, तिच्यावर एक किडा, आणि किड्याच्या पाठीवर बारकोड. पट्टीवर अक्षरं-आकड्यांचा एक कोड ठोकलेला असतो. पट्टी एखाद्या वस्तूला अडकवायची आणि डब्यात सोडून द्यायची. सापडेल तो उचलतो, पुढच्या डब्यात ठेवतो, आणि संकेतस्थळावर कोड टाकून तशी नोंद करतो. वस्तूचं स्वतःचं पान असतं, त्यावर नकाशा असतो, नकाशावर रेघा वाढत जातात. जिओकॉइन हा दुसरा प्रकार. त्यात नाण्यावरच कोड कोरलेला असतो, कधी पाठीवर तर कधी कडेवर, इतका बारीक की चाळिशी लागलेल्याने भिंगच घ्यावं. अल्मरच्या बादलीतला तो बीन्सचा डबासुद्धा पुढे सापडला, आणि कोड लावून मेळाव्यांतून मिरवला. लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात. बीन्स खाण्यालायक नक्कीच नसतील.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक ट्रॅकेबलला दोन नंबर असतात. एक उघडा: ‘टीबी’ने सुरू होणारा, पानावर सगळ्यांना दिसणारा, एकापाठोपाठ एक असा क्रमाने वाटलेला. कुणाला वस्तूबद्दल सांगायचं असेल, तिचं पान दाखवायचं असेल, तर हा द्यायचा. दुसरा झाकलेला: वस्तूवर ठोकलेला तो कोड. हा पानावर कुठेच दिसत नाही. मालकाला दिसतो, आणि ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला दिसतो. मामांना मी हे यूपीआयवरून समजावलं. दुकानाच्या काउंटरवर तुम्ही यूपीआयची पाटी लावता, ती कुणीही वाचावी म्हणूनच असते. पिन मात्र तुम्ही मामींनाही सांगत नाही. ‘सांगितलाय की,’ मामा म्हणाले. असो.

मामांचा दुसरा आक्षेप इथला. ‘गुपित आहे म्हणतेस, आणि पट्टीवर ठोकून परमुलखात पाठवतेस. मग गुपित कसलं?’

आक्षेप बिनतोड आहे. एखादं ट्रॅकेबल वर्षानुवर्षं फिरलं की त्याचा कोड शेकडो लोकांनी वाचलेला असतो. त्यातला एकही मालकाच्या ओळखीचा नसतो. तरी तो कोड झाकलेलाच मानायचा, कारण तो वाचण्याची वाट एकच आहे: तिथे जायचं, डबा उघडायचा, वस्तू बाहेर काढायची. कोड माहीत असणं म्हणजे भेट झाली असणं. इथे पैसे नाहीत, मालमत्ता नाही, चोराने कोड चोरला तरी त्याला दमडी मिळत नाही. त्या सहा अक्षरांच्या मागे फक्त एकच गोष्ट राखलेली असते, ती म्हणजे वहीत ‘पाहिलं’ असं लिहिणाऱ्याने खरोखर पाहिलं आहे ही. आणि ती राखायचं काम कुठल्या यंत्राकडे नाही. डबा उघडणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे आहे. माझ्या मते या सगळ्या खेळातली सर्वांत धाडसी कल्पना हीच. डबे लपवणं काय, कुणीही करेल.

आणि ती फुटते कुठे? बहुतेक वेळा लॉगमध्ये, म्हणजे पानावरच्या नोंदीत, भाबडेपणाने. संकेतस्थळाची रचनाच अशी आहे की वस्तूची नोंद करताना आधी ते कोड मागतं, आणि लगेच खाली मजकुरासाठी मोकळी चौकट देतं. नवख्याला वाटतं, कोड लिहायचाच असतो. मग तो चौकटीतही लिहितो: ‘अमुक नंबरचा ट्रॅव्हल बग घेतला, तमुक नंबरचा ठेवला.’ वस्तूच्या पानावर नोंद करायची असते हेच ठाऊक नसेल तर डब्याच्या लॉगमध्ये लिहितो. हेतू नेक असतो. दुकानात बिलावर माल लिहावा तसा तो हिशेब देत असतो. आणि लॉग पडला रे पडला की डब्याच्या मालकाला आणि त्या डब्यावर नजर ठेवून असलेल्या प्रत्येकाला मेल जातो. नंतर कुणी लॉग खोडला, मजकूर सुधारला, तरी गेलेला मेल परत येत नाही.

काहीजण हुशारी करतात. डब्यांच्या पानावर जी मदतीची सूचना असते ती उलटसुलट अक्षरांत दिलेली असते, प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवून. वाचणाऱ्याचा विरस होऊ नये एवढ्यापुरता पडदा, एका टिचकीत बाजूला होणारा. कोडही तसाच लिहिला की झालं, असं एकाने मला आग्रहाने सांगितलं होतं. त्या पद्धतीत आकडे जागचे हलतच नाहीत, ही गंमत त्याच्या गावीही नव्हती.

पण मजकुरापेक्षा फोटो घात करतात. पायताणाचं तेच झालं.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात श्पिल्बेर्क नावाचा किल्ला आहे. पायताण तिथवर पोचलं ते एका तरुण मुलाच्या खिशातून. त्याने तटाच्या कठड्यावर ते मांडलं, थोडं तिरकं, गोंडा पुढे, मागे शहराची लाल छपरं. फोटो सुंदर होता. मामांना पाठवला असता तर त्यांनी फ्रेम करून दुकानात लावला असता. पण फोनच्या कॅमेऱ्याला चामड्यात काही रस नसतो. त्याला चकाकणारी, कडक कडांची गोष्ट आवडते. त्यामुळे छपरं धूसर, चप्पल जराशी मऊ, आणि पट्टी लखलखीत. सहाच्या सहा अक्षरं, मोठं न करताही वाचता येतील अशी. किड्याच्या पाठीवरच्या बारकोडच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या.

मी त्याला निरोप लिहिला. फोटो फार छान आहे, फक्त कोड दिसतोय, तेवढा झाकून पुन्हा लावशील का? लिहिताना भाषा फार सांभाळावी लागते. नवा खेळाडू असतो, एवढ्या प्रेमाने फोटो काढलेला असतो, आणि पहिलाच निरोप तक्रारीचा आला तर तो पुढच्या वेळी फोटोच काढणार नाही. त्याचं उत्तर तासाभरात आलं. खेळाशी त्याची ओळख जेमतेम महिन्याभराची. कोड लोकांना दिसू नये असं असतं तर तो पट्टीवर इतका मोठा का लिहितात, असं त्याने विचारलं होतं. मामा आणि हा पोरगा कधी भेटले तर त्यांचं छान जमेल. दुसऱ्या दिवशी नवा फोटो लागला: तोच कठडा, तीच छपरं, पण पट्टीवर आयव्हीच्या वेलीचं एक पान ठेवलेलं. बिचारा त्यासाठी पुन्हा किल्ला चढून गेला होता.

पहिला फोटो मात्र तोवर काही दिवस उघडा होता. तेवढे पुरले.

कारण असे कोड टिपून ठेवणारी माणसं असतात. त्यांच्याकडे याद्या असतात, आणि याद्यांची देवाणघेवाण चालते. एका बैठकीत शेकडो कोड चिकटवायचे, सगळ्यांखाली एकच वाक्य. या नोंदीला ‘डिस्कव्हर’ म्हणतात: वस्तू उचलली नाही, नुसती पाहिली. मेळाव्यात कुणाच्या हातात पाहिलं, डब्यात पाहून तिथेच ठेवलं, यासाठी ती सोय आहे. तिने वस्तूची जागा बदलत नाही, नकाशावर किलोमीटर वाढत नाहीत. म्हणून यादीवाले म्हणतात, बिघडलं काय? माझ्या प्रोफाइलवर एक चित्र वाढलं, आकडा वाढला, तुझं पायताण होतं तिथेच आहे.

बिघडतं ते सांगते. पायताणाच्या पानावर काही हललं की मला मेल येतो. विषयाच्या ओळीत त्याचं नाव. सकाळी लोकलमध्ये उभी असताना ते नाव दिसलं की मी दोन स्टेशनं मेल उघडत नाही, पुरवून ठेवते. कुणी उचललं असेल? कुठे नेलं असेल? आणि उघडावं तर पोर्तुगालहून, ‘पाहिलं, आभार.’ पुन्हा दुपारी एक, रात्री दोन. आठवड्याभरात मेल उघडायची गंमतच गेली. पानाची गतही तीच. ज्या बाईने ते लेकाच्या पहिल्या शाळेच्या दिवशी दप्तराला अडकवून नेलं होतं, ज्या ट्रकचालकाने ते रोटरडॅमच्या बंदरात दाखवून आणलं, त्यांनी लिहिलेलं सगळं खाली खाली ढकललं गेलं. वर नुसती एकसारख्या ओळींची चळत.

आणि ही तर सभ्य माणसं. कोड हातात असलेला कुणी ‘मी हे उचललं’ असंही घरबसल्या लिहू शकतो. मग पानावर पायताण जंगलातल्या पेटीतून निघून त्याच्या खिशात जातं. त्याने ते त्याच्या गावच्या डब्यात ‘ठेवलं’ की नकाशावर दोन हजार किलोमीटरची रेघ. इकडे पेटी उघडणाऱ्या खऱ्या माणसाच्या हातात पायताण आहे, आणि पान सांगतंय ते लिस्बनला आहे. तो बुचकळ्यात पडतो, बऱ्याचदा नोंद न करताच ठेवून देतो. वस्तू हरवतात त्या नेहमी चोरीलाच जातात असं नाही; काही अशा गोंधळात विस्मरणात जातात.

यावर उपाय फारसे नाहीत. बँकेचा पिन फुटला तर बदलता येतो. हा कोड धातूत ठोकलेला आहे. तो बदलायचा म्हणजे वस्तू ज्याच्याकडे असेल त्याने पट्टी काढून दुसरी लावायची, आणि ती वस्तू मग खेळाच्या हिशेबी नवीच; जुना सगळा प्रवास जुन्या पानावर राहिला. सिअ‍ॅटलच्या मुख्यालयाला, म्हणजे खेळाचं संकेतस्थळ चालवणाऱ्यांना, कळवलं तर ते वस्तूचं पान कुलूपबंद करू शकतात, पण मग प्रामाणिक माणसालाही तिथे लिहिता येत नाही. उरतं ते मालकाने बसून एकेक खोटी नोंद खोडणं. मी ते करते. रविवारी सकाळी चहा घेऊन बसते आणि भाजी निवडावी तशा नोंदी निवडते. संशयाचा फायदा देते, पण पेटी बंद असताना आत डोकावलेल्यांना देत नाही.

फोटोत कोड झाकणं ही सोपी गोष्ट वाटते, आणि तिथेही लोक गफलत करतात. अंगठ्याने झाकतात तेव्हा बहुधा शेवटची दोन अक्षरं झाकतात आणि चार उघडी राहतात. अक्षरं आणि आकडे सगळे धरले तर एका जागेला छत्तीस शक्यता. दोन जागांना १,२९६. चिकाटी असलेल्याची एक दुपार. सहाही झाकली तर तोच आकडा २१७ कोटींच्या वर जातो. फोनमधल्या मार्करने काळं फासण्यातही मेख आहे: तो मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, फोटोचा उजेड वाढवला की खालचा मजकूर वर येतो. चौकोन काढून ठोस रंग भरावा, नाहीतर सरळ कापून टाकावं. नाण्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत मी पाहिली आहे. एकाने जिओकॉइन पॉलिश केलेल्या मेजावर उभं केलं होतं, चित्राची बाजू समोर, कोडची बाजू मागे. खबरदारी म्हणून. मागे खिडकी होती. खिडकीच्या काचेत कोड उलटा, पण स्वच्छ.

सगळ्यात बरं म्हणजे आयव्हीचं पान. खोटं काही नाही, आणि फोटोत ऋतूही येतो.

इतकं बोलल्यावर मी कर्मठ वाटत असेन. पण या नियमाच्या कडा चांगल्याच धूसर आहेत, आणि तिथे माझंही मत डळमळतं. जर्मनीत गाड्यांच्या मागच्या काचेवर ट्रॅकेबलचे स्टिकर असतात, कोडसकट, लांबून वाचता येतील असे. सिग्नलला पुढे उभ्या गाडीचा कोड वाचला, घरी येऊन लिहिला. हे चालतं, डोळ्यांनी गाडी पाहिली ना? टी-शर्टवर कोड असतात, कुत्र्याच्या पट्ट्याला असतात, काहींनी तर अंगावर गोंदवून घेतलेत. ते लोक स्वतःच चालताबोलता कोड मिरवतात, आणि त्यात काही वावगं नाही, कारण त्यांना पाहायला त्यांच्या समोर यावंच लागतं. त्यांचाच कुणी फोटो काढून टाकला की मात्र गणित बिघडलं.

मग नकलांचा प्रश्न. महागडी जिओकॉइन हमखास गायब होतात, म्हणून कित्येक मालक मूळ नाणं घरी ठेवतात आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर त्याचं चित्र आणि कोड छापून तो कागद प्रवासाला पाठवतात. ज्याने कागद पाहिला त्याने नाणं पाहिलं का? खेळात तसं मानतात. ट्रॅव्हल बगच्या पाकिटात तर एकाच कोडच्या दोन पट्ट्या येतात, एक पाठवायला आणि एक घरी ठेवायला. पहिली हरवली की बरेचजण दुसरी सोडतात, आणि पान पुढे चालू राहतं. म्हणजे वस्तू दुय्यम झाली, कोड हीच वस्तू. मग तो छापलेला कागद आणि इंटरनेटवरचा फोटो यांत फरक काय, असं यादीवाले विचारतात, आणि त्यांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. फरक एवढाच की कागद एका वेळी एकाच डब्यात असतो.

मेळाव्यांमध्ये तर हे सगळं उघड्यावर चालतं. २०१४ साली म्युनिकला पहिला ‘गिगा’ मेळावा भरला. पाच हजारांहून जास्त माणसं जमली तरच ते नाव मिळतं. त्याहून लहान मेळावे इथे वर्षभर होतात, आणि प्रत्येक ठिकाणी ट्रॅकेबलचं एक टेबल असतंच. त्यावर वस्तू मांडलेल्या, शेजारी कोडची छापील यादी. लोक येतात, यादीचा फोटो काढतात, निघून जातात. वस्तूंकडे मान वळवून बघणारे थोडे. जर्मनीत अनोळखी माणसाला सहसा कुणी ‘तू’ म्हणत नाही, पण या खेळात पहिल्या भेटीपासून सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. आणि तितक्याच मोकळेपणाने याद्या वाटतात.

अशाच एका मेळाव्यात सत्तरीच्या एका बाईंनी वेगळं टेबल लावलं होतं. जाडजूड फाइल, प्लॅस्टिकच्या खिशांत नाणी, प्रत्येक खिशात एक. यादी नाही. एकाने यादीबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘बस ना. हातात घे. मग लिही.’ आणि खिशातून नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. निळ्या मीनाकारीचं, कडेला बारीक दाते असलेलं. त्याने उलटंपालटं केलं, कोड सापडेना. बाई काही बोलल्या नाहीत. शेवटी कडेवर बोट फिरवताना त्याला तो लागला, आणि वाचण्यासाठी नाणं दिव्याखाली धरून गोल गोल फिरवावं लागलं. तो गेला तेव्हा त्याच्याकडे एकच कोड होता. शेजारच्या टेबलावरून त्याला एका फोटोत दोनशे मिळाले असते. बाईंच्या टेबलाशी गर्दी नव्हती हेही सांगायला हवं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं हेही.

पायताणासोबत फिरणाऱ्या चिठ्ठीवर मी आता जर्मन आणि इंग्रजीत एक ओळ वाढवली आहे: फोटो भरपूर काढा, पट्टी झाडाच्या पानाखाली ठेवा. ही चिठ्ठी त्याच्या हाती पोचायला अजून वेळ आहे. हॅनोव्हरच्या पेटीतून ते निघालं, डेन्मार्ककडे गेलं, आणि सध्या एका निवृत्त शिक्षकांच्या खिशात आहे. त्यांना मी चिठ्ठीची फाइल पाठवली, ते छापून जोडणार आहेत. पायताणाचं शेवटचं मुक्काम-पोस्ट कोल्हापूर असं मी त्याच्या पानावर लिहून ठेवलंय, पण भारताकडे जाणारा कुणी खेळाडू भेटेपर्यंत ते युरोपातच घिरट्या घालणार.

मामांचा फोन रविवारी असतो. परवा मी त्यांना मंगळाची हकिकत सांगत होते. १८ फेब्रुवारी २०२१ ला ‘पर्सिव्हिरन्स’ गाडी मंगळावर उतरली, तिच्या एका उपकरणाचं नाव शेरलॉक. ते उपकरण नीट चालतंय ना हे तपासण्यासाठी गाडीवर नमुन्यांची एक पाटी बसवली आहे, आणि त्या पाटीत अंतराळवीरांच्या हेल्मेटच्या काचेसाठी वापरतात त्या पॉलिकार्बोनेटचा तुकडा आहे. त्या तुकड्यावर एका ट्रॅकेबलचा कोड कोरला आहे. तो वाचायचा तर गाडीवरच्या वॉटसन नावाच्या कॅमेऱ्याने पाठवलेल्या फोटोतूनच.

‘म्हणजे फोटोत बघायचं?’ मामांनी मला तिथेच पकडलं.

‘हो मामा. तिथे दुसरा इलाज नाही.’

‘म्हणजे मंगळावरचं फोटोत बघितलं तर चालतंय, आणि आमच्या पायताणाला नाही. ते जवळ आहे म्हणून?’

‘हो. जवळ आहे म्हणूनच.’

ते जरा थांबले. मागून दुकानातलं गिऱ्हाईक नऊ नंबर मागत होतं.

‘मग असं कर,’ मामा म्हणाले, ‘दिवाळीला येशील तेव्हा तो उजवा पाय घेऊन ये. हातात घेऊन बघतो आणि मग लिहितो. आमच्या प्रथमेशनं खातं काढून दिलंय मला. मराठीत लिहिलं तर चालतंय न्हवं?’

चालतंय, म्हटलं.